काळजातलं चर्र

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आजी ओसरीवर बसून आतली फोडणी सांभाळायची, निव्वळ कानांनी. मोहरीची तडतड मंदावली की हाक यायची, "अगं, हिंग टाक, करपेल!" मग वरण ओतल्याचं चर्र ऐकू आलं की तिची जपमाळ पुन्हा सुरू.

तडतड, चर्र, खळखळ, टपटप. आवाजाची नक्कल करणारे हे अनुकरणवाचक शब्द शाळेत आपण दोन गुणांपुरतेच ओळखतो. पण दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी यास्क या आचार्यांनी निरुक्तात, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात, त्यांची दखल घेतली आहे. 'काक' हे नाव आवाजाच्या नकलेतून आलं, पक्ष्यांच्या नावांत असं फार आढळतं, असं ते म्हणतात. आणि औपमन्यव या दुसऱ्या आचार्यांना हे मान्य नाही, हेही लगेच नोंदवतात. म्हणजे वाद तेव्हापासूनचा! आपली टिटवी मात्र रोज ओरडून यास्कांच्या बाजूने साक्ष देते.

आता नक्कल म्हटली तरी ती ज्याच्या त्याच्या कानाची. पावसाच्या तोंडावर पावशा ओरडतो, तेव्हा आपल्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू येतं. हिंदीत तोच पक्षी 'पी कहाँ' म्हणत प्रियकराला शोधतो. आणि उन्हाने कावलेल्या गोऱ्या साहेबाला त्यात ऐकू आलं 'ब्रेन फीवर', मेंदूचा ताप!

मला खरी गंमत वाटते ती पुढेच. जिथे आवाजच नाही, तिथेही आपण हे शब्द खुशाल नेतो. वाईट बातमी कळली की काळजात चर्र होतं. रात्री-अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. जात्याची घरघर घरांतून गेली, पण शब्द राहिला. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्यांना घरघर लागली, असं आपण म्हणतो. खरं तर तिथले साचे, म्हणजे कापड विणायचे माग, तेव्हा गप्प झाले होते.

दुखण्याचंही तसंच. गेल्या पावसाळ्यात माझ्या बोटाला नखुरडं झालं. डॉक्टरांनी विचारलं, "ठणकतंय की ठसठसतंय?"

म्हटलं, "ठसठसतंय. रात्रभर."

"मग पू धरलाय," ते म्हणाले, आणि बोटाची पट्टी सोडायच्या आधीच त्यांनी सिस्टरना ट्रे आणायला सांगितला.