मांजराचे सांधे, लादीचे सांधे

श्रोतेहो, नमस्कार.

मांजर दहा-अकरा वर्षांचं झालं की बऱ्याच घरांत एक तक्रार सुरू होते. लघवीसाठी ठेवलेल्या मातीच्या टबात जातं, उकरतं, बसतं, आणि तरीही मागच्या भिंतीवर ओघळ. मग कुणीतरी म्हणतंच, ‘हे मुद्दाम करतंय.’ मुद्दाम काही नसतं. त्याचे मागचे सांधे धरलेले असतात. पूर्वीसारखं पूर्ण खाली बसवत नाही, म्हणून ते अर्धवट उभं राहतं. चारही पाय टबात, शेपटीकडचा भाग मात्र काठाच्या वर. त्याच्या हिशेबाने ते टबातच गेलेलं असतं.

तेव्हा लादी आणि भिंत वाचवायची तर सुरुवात टबापासून करायची. दुकानात मिळणारा ट्रे साधारण चार-पाच इंच उंच असतो. म्हाताऱ्या मांजराला चढायला तो उंच पडतो आणि धार अडवायला ठेंगणा. त्याऐवजी कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या. दोन फूट लांब, सोळा इंच रुंद, निदान बारा इंच उंच. वाकवला तर वाकेल असा, मऊ प्लॅस्टिकचा. काचेसारखं कडक पारदर्शक प्लॅस्टिक कापताना तडकतं. चाकं असतील तर काढून टाका.

आता दार. ते अरुंद बाजूला नको, लांब बाजूच्या एका टोकाला हवं. समोरून सरळ आत शिरलेलं मांजर कधी कधी तसंच बसतं, मागचा भाग दाराशी राहतो आणि सगळं त्या खालच्या दारातूनच बाहेर येतं. दार कडेला असलं की आत जाऊन वळावं लागतं. तळापासून अडीच इंच सोडून दहा इंच रुंदीची खूण करा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आधी ड्रिलने भोक पाडा आणि मग वरून भोकापर्यंत हॅक्सॉचं पातं चालवा. भोक न पाडता काटकोनात कापलं तर महिनाभरात तिथूनच चीर जाते. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा. पाण्याच्या जुन्या नळीचा तुकडा उभा चिरून त्या कडेवर बसवला, तर पोटाला ओरखडा येत नाही. आत माती दोनच इंच. जास्त घातली तर दुखरे पाय रुततात.

डबा ठेवायचा कुठे? मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहिलं उत्तर असतं, बाथरूममध्ये. पण तिथला उंबरा चढायचा, पुढे ओली लादी, त्यावरून पाय घसरणार. एकदा घसरलेलं मांजर पुन्हा तिथे जायला कुरकुरतं आणि पायपुसण्यावर बसतं. बाल्कनीत पावसाळ्यात माती दमट होऊन चिकटते. त्यापेक्षा मांजर झोपतं त्याच्या जवळचा कोरडा कोपरा बरा. रात्री तिथे झिरोचा दिवा असू द्या, म्हाताऱ्या डोळ्यांना तेवढा आधार पुरतो.

आता लादीकडे येऊ. व्हिट्रिफाइड टाइल मूत्र पीत नाही. पितात ते तिचे सांधे, म्हणजे दोन टाइल्समधलं व्हाइट सिमेंट आणि लादी भिंतीला मिळते तिथली स्कर्टिंगखालची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखालची फट. खरं नुकसान तिथेच होतं. जुन्या इमारतींतली मोझॅक लादी, कोटा आणि संगमरवर तर सगळ्या अंगाने थोडं थोडं पितात.

त्यासाठी डब्याखाली विनाइल शीट टाका. बाजारात सगळे त्याला लिनोलियमच म्हणतात. चार फूट बाय तीन फूट, एकसंध तुकडा, जोड नको. भिंतीकडच्या दोन्ही बाजू सहा इंच वर वळवा. कोपऱ्यात मात्र कात्री लावू नका. वहीला कव्हर घालताना कोपऱ्याची घडी घालतो तशी घडी घाला. कापलेला कोपरा म्हणजे मूत्राला करून दिलेली वाट. शीटवर अंडरपॅड पसरा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी औषधांच्या दुकानात मिळतात तेच, ६० बाय ९० सेंटीमीटरचे. चार किलोच्या निरोगी मांजराला दिवसभरात साधारण ८० ते १५० मिली लघवी होते. मूत्रपिंड दुखावलं असेल तर याहून बरीच जास्त. एक पॅड हे झेलतो, पण ओला झाला की बदलायचा. वर्तमानपत्र नको. ते भिजतं, फाटतं आणि शाई लादीवर सोडतं.

आणि हो, शीट अंथरून विसरू नका. दर आठवड्याला उचला, पावसाळ्यात दर तीन दिवसांनी. खाली दमट हवा कोंडली की मोझॅकवर काळे डाग धरतात. रबराच्या बुडाची मॅट थेट लादीवर तर नकोच. तिचा पिवळा ठसा मग निघत नाही.

भिंतीसाठी सनपॅक शीट उत्तम. निवडणुकीत नाक्यानाक्यावर ज्याचे फलक लागतात तेच, आतून पोकळ नळ्यांचं. दोन फूट उंच घ्या. नळ्या उभ्या ठेवा आणि जिथे कोपरा येईल तिथे एका बाजूनेच हलका कटर मारून वाकवा, म्हणजे कोपऱ्याला जोड राहत नाही. खालच्या कडेला नळ्यांची तोंडं उघडी असतात, ती चिकटपट्टीने बंद करा. नाहीतर त्यातून मूत्र वर चढून आत सुकतं आणि वास कुठून येतो ते महिनोन्महिने सापडत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. सनपॅकची खालची कड वळवलेल्या विनाइलच्या पुढे यायला हवी, मागे नव्हे. कौलारू छप्पर आठवा. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, म्हणून पाणी बाहेर पडतं. इथेही तसंच. उलट लावलं तर ओघळ थेट विनाइलच्या मागे जाऊन स्कर्टिंगच्या फटीत उतरतो, आणि वरून सगळं कोरडं दिसत राहतं. सनपॅक भिंतीला चिकटवू नका. डिस्टेंपर असेल तर पट्टीबरोबर पापुद्रा निघतो. पडद्यासारखा उभा करा, डब्याच्या वजनानेच तो टिकतो आणि धुवायला काढता येतो.

इतकं करूनही कधीतरी सांडणारच. तेव्हा फिनाईलची बाटली उचलू नका. काळ्या फिनाईलमधले फिनॉल मांजराचं यकृत निकामी करू शकतात. ते विष बाहेर टाकायची यंत्रणा मांजरात तोकडी असते. ब्लीचही नको, मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. टाइल्स उजळायचं ॲसिड किंवा व्हिनेगर मोझॅक, कोटा, संगमरवर यांवर पडलं तर पॉलिश खातं. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, चोळू नका. मग साधं पाणी, पुन्हा टिपा, आणि त्यावर एन्झाइम क्लीनर, म्हणजे मूत्रातले घटक फोडणारं द्रावण, भरपूर ओता. नुसता फवारा पुरत नाही. मूत्र जितकं खोल गेलं तितकंच खोल ते जायला हवं. पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. जुना डाग असेल तर वर ओलं फडकं आणि त्यावर प्लॅस्टिक घालून रात्रभर ठेवा, मग आपोआप सुकू द्या.

यामागचं कारण समजून घेतलेलं बरं. मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो तो उडून जातो, पण युरिक ॲसिडचे खडे पाण्यात नीट विरघळत नाहीत. सांध्यात बसून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास देतात. म्हणून मे महिन्यात गप्प असलेला कोपरा जूनच्या मध्यावर बोलायला लागतो.

व्हाइट सिमेंट पिवळंधमक झालं असेल तर ते खरवडून काढा, सांधा पूर्ण सुकवा आणि इपॉक्सी ग्राउट भरा. ते पाणी पीत नाही. एक दिवस त्यावर पाय नको, मांजराचाही नको. स्कर्टिंगची फट सिलिकॉन सीलंटने बुजवा, पण आधी धुऊन आणि वाळवून. नाहीतर वास आतच कोंडेल. भिंतीचं प्लास्टर फुगलं असेल, लोणा लागला असेल तर वर नुसता रंग मारून भागणार नाही. सैल प्लास्टर काढा, निदान आठवडाभर वाळू द्या, प्रायमर लावा आणि खालचे तीन फूट ऑइलपेंट. चाळीतल्या खोल्यांना पूर्वी खालून ऑइलपेंटचा पट्टा असायचा. ती हौस नव्हती, सोय होती. रंगाचा वास जाईपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत.

हे सगळं भिंतीचं. मांजर अचानक बाहेर करायला लागलं, पाणी जास्त पिऊ लागलं किंवा टबात बसून ओरडलं, तर आधी डॉक्टरकडे न्या आणि लघवी-रक्त तपासा. मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड यांतलं काहीही असू शकतं. बोका पुन्हा पुन्हा जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असला तर दोन-तीन दिवसांत जीव जातो.

आणि शेवटी, डाग शोधायची युक्ती. नोटा तपासायचा छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळतो. रात्री सगळे दिवे मालवून तो लादीपासून फूटभर अंतरावर तिरका धरा. जुनं मूत्र पिवळट हिरवं चमकतं. कपाटाच्या प्लायची खालची कड, पलंगाचे पाय, दाराच्या चौकटीचा तळ, हे आधी पाहा. दिसलं तिथे खडूने गोल करा आणि सकाळी क्लीनर घेऊन बसा.

नमस्कार.