तेलाचा हिशेब, चटणीसकट

(दृश्य: दुपारचं जेवण. ताटात कडक भाकरी, शेंगा चटणी.)

सोलापुरात डॉक्टरांनी "तेलकट कमी करा" म्हटलं की माणूस आधी भजी सोडतो, मग वडे. घरी फोडणीचं तेलही कमी होतं. चटणी मात्र ताटात तशीच राहते, कारण ती तेलकट आहे असं कुणाच्या मनातच येत नाही.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास ४८ ग्रॅम चरबी असते. दाणे कुटताना ते तेल सुटतं, म्हणून तर इथली चटणी अशी ओलसर होते. चटणी वाईट मुळीच नाही. दाण्याचं तेल बहुतांशी असंतृप्त, वनस्पती तुपापेक्षा हृदयाला कितीतरी बरं. पण कमी चरबीचा आहार पाळायचा ठरवलाय, तर ती हिशेबात धरायलाच हवी.

(दृश्य: आहारतज्ज्ञांची खोली. टेबलावर वाटी, पळी, चमचे.)

"काल सकाळपासून काय काय खाल्लं, मावशी?"

"तेल लई कमी घालते ओ."

प्रश्न इथंच थांबला तर नोंद चुकली. म्हणून पळी हातात द्यायची. भाजीत किती पळ्या? कूट किती मुठी? जेवणारी माणसं किती? अशी चोवीस तासांची उजळणी दोन साध्या दिवसांची आणि एका रविवारची घ्यावी, तीही आधी न कळवता. विचारणार हे ठाऊक असलं की त्या दिवशीचं जेवणच बदलतं.

माणसं प्रत्यक्षापेक्षा कमी सांगतात, हे जगभर दिसलंय. त्यात लबाडी क्वचितच असते. विसरणं असतं, संकोच असतो.

आहार खरंच पाळला जातोय का, हे ठरवताना रक्ततपासणीवरही सगळा भार टाकता येत नाही. तूप-लोण्यातली संतृप्त चरबी घटली की एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, सहसा उतरतं, पण औषधानंही उतरतं. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी तर उलट वाढूही शकते, तेल सोडून साखर आणि मैदा वाढवला तर.

आणि असा आहार पाळत राहणं अवघड. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या आहार-चाचणीत ४८,८३५ स्त्रिया होत्या. आहार बदलणाऱ्या गटाचं ध्येय होतं, एकूण ऊर्जेपैकी २० टक्केच चरबीतून. पहिल्या वर्षी तो गट सुमारे २४ टक्क्यांवर आला, सहाव्या वर्षी पुन्हा २९ च्या आसपास. समुपदेशन आणि गटबैठका असूनही.

(दृश्य: स्वयंपाकघर. तेलाची पिशवी, दाण्यांचा डबा, भिंतीवर कॅलेंडर.)

घरासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती किराणा मोजायची रीत. पिशवी फोडली की कॅलेंडरवर तारीख लिहा. पाच माणसांत महिन्याला ३ लिटर तेल संपलं, तर माणशी रोज साधारण १८ ग्रॅम. त्याच घरात २ किलो दाणे लागले, तर माणशी आणखी ६ ग्रॅमच्या वर. दूध, मटण आणि बाहेरचं खाणं यांची चरबी वेगळी. कुणी किती खाल्लं हे यातून कळत नाही. पण महिन्यामागून महिना घर कुठं चाललंय, ते स्वच्छ दिसतं.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा येते, घरोघरी पाहुणे येतात. त्या महिन्याचा आकडा वेगळा लिहा. आणि खाण्याच्या नोंदींची वही तपासणाऱ्यांना कळकळीची विनंती : यात्रेत खाल्लेली भजी कुणी प्रामाणिकपणे लिहिली असतील, तर रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती खाल्ली जातील, वहीत मात्र येणार नाहीत.