लाल-निळ्याची जांभळी गाडी

[वरून दृश्य : स्टॅन्ली पार्क, दोन्ही बाजूंची मैदानं]

हा इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराचा उत्तर भाग. मधे ही बाग, एका अंगाला लिव्हरपूल क्लबाचं अ‍ॅनफिल्ड, दुसऱ्या अंगाला गुडिसन पार्क, 2025 पर्यंत एव्हर्टनच्या पुरुष संघाचं मैदान. पायी निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत या मैदानावरून त्या मैदानावर पोचता. आज डर्बी आहे, म्हणजे एकाच शहरातल्या दोन फुटबॉल क्लबांचा सामना : लिव्हरपूल विरुद्ध एव्हर्टन.

[जांभळी गाडी, मागचं दार उघडं]

या गाडीचा रंग नीट बघा. लिव्हरपूलचा लाल आणि एव्हर्टनचा निळा एकत्र केला की हा जांभळा होतो. 2015 मध्ये दोन्ही क्लबांच्या चाहत्यांनी मैदानाबाहेर चाकं असलेला एक कचऱ्याचा डबा उभा केला आणि सामन्याला येणाऱ्यांकडून फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रासाठी, अन्न मागायला सुरुवात केली. भूक कुठल्या क्लबचे रंग घालत नाही, हे त्यांचं ब्रीद.

[हातांचा क्लोज-अप]

पास्त्याचं पाकीट. शिजवलेल्या घेवड्याचे डबे. लहान बाळाचं दूध. देणारा थांबतही नाही. पिशवी ठेवतो आणि गेटकडे वळतो.

[जुनी छायाचित्रं]

आता थोडं मागे जाऊ, कारण हे क्लब वस्तीतूनच उभे राहिले. सेंट डोमिंगो चर्चमधली पोरं उन्हाळ्यात क्रिकेट खेळायची. हिवाळ्यात काय करायचं, म्हणून 1878 मध्ये फुटबॉल सुरू झाला. तोच आजचा एव्हर्टन. त्यांचं पहिलं मोठं मैदान अ‍ॅनफिल्ड. भाड्यावरून जागामालकाशी बिनसलं, 1892 मध्ये एव्हर्टन बागेपलीकडे गेला आणि रिकाम्या अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल क्लब जन्मला. तिकडे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूंनी 1887 मध्ये सेल्टिक क्लब काढला तो आयरिश स्थलांतरितांच्या गरीब वस्तीला मदत उभी करायलाच. म्हणून क्लबांच्या समाजकार्याला दानधर्म म्हणू नये. हे वस्तीचं देणं आहे.

मधल्या काळात याचा विसर पडला. 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर लिव्हरपूलच्या सामन्याआधी चाहत्यांच्या दंग्यात 39 माणसं दगावली, इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. गावोगावी बेकारी होती आणि मैदानाशेजारी राहणाऱ्यांना सामन्याचा दिवस म्हणजे धास्ती वाटायची. 1986 मध्ये खेळाडूंच्याच संघटनेच्या पुढाकाराने वायव्य इंग्लंडमधल्या काही क्लबांत 'फुटबॉल इन द कम्युनिटी' ही योजना सुरू झाली. एव्हर्टनचं काम 1988 पासूनचं.

['द पीपल्स प्लेस', इमारतीचा दर्शनी भाग]

आता हे काम असं चालतं : क्लबाची वेगळी नोंदणीकृत संस्था असते, तिचे स्वतःचे विश्वस्त असतात. पैसा सगळा क्लबाचा नसतो. लीग, सरकारी योजना, देणगीदार असा जमवावा लागतो. क्लब देतो तो बिल्ला, म्हणजे जर्सीवरचं आपलं चिन्ह, आणि त्याची किंमत कमी लेखू नका. दवाखान्याची पायरी न चढणारा पुरुष क्लबाच्या दारातून आत येतो, बसतो, बोलतो. गुडिसनजवळचं एव्हर्टनचं हे मानसिक आरोग्य केंद्र त्याच विश्वासावर उभं आहे.

[पुन्हा गाडी, अर्धी भरलेली]

गोळा झालेलं अन्न फूड बँकांमध्ये जातं. न्यूकॅसलसारख्या शहरांतही चाहते हे काम करतात.

[बंद अ‍ॅनफिल्ड, 2020]

चाहते फक्त अन्न देत नाहीत, क्लबाला जाबही विचारतात. एप्रिल 2020 मध्ये, कोविडमुळे सामने बंद असताना, लिव्हरपूलने खेळाडू सोडून काही कर्मचाऱ्यांना सरकारी पगार योजनेवर टाकायचं, म्हणजे त्यांच्या पगाराचा मोठा भाग सरकारकडून घ्यायचं, जाहीर केलं. चाहते संतापले, आणि दोन दिवसांत क्लबाने माफी मागून निर्णय फिरवला.

[जर्सी, जवळून]

आणि ही जर्सी. 2022 मध्ये एव्हर्टनच्या छातीवर एका जुगार कंपनीचं नाव आलं. 2025-26 च्या हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूला अशी नावं नकोत, असं प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2023 मध्ये ठरवलं. बाहीवर मात्र चालतील. ज्या बिल्ल्याच्या भरवशावर माणूस मदत मागायला येतो, त्याच्या शेजारच्या बाहीवरूनही ती गेली पाहिजेत.