भिंतीवरची उलटी गच्ची

श्रोतेहो, नमस्कार.

कौलारू घरात वाढलेल्यांनी कवडसे पाहिले असतीलच. भर दुपारी कौलांच्या फटीतून ते सारवलेल्या जमिनीवर उतरतात आणि हळूहळू सरकत राहतात. आता एवढंच आठवून बघा. फट असते वेडीवाकडी, कधी चौकोनी, कधी चिरेसारखी. कवडसा मात्र गोल. असं का? कारण त्यात फटीचा आकार उमटतच नाही, सूर्याचा उमटतो. पुन्हा सांगतो, जमिनीवरचा कवडसा म्हणजे सूर्याचा फोटो. फट तीन मीटर उंचावर असेल तर जवळजवळ तीन सेंटिमीटरचा सूर्य. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ग्रहण होतं, तेव्हा झाडांखालच्या कवडशांच्या चक्क कोरी झाल्या होत्या. आमच्या गल्लीतली निम्मी मंडळी तेव्हा दारं लावून आत बसली होती. ग्रहणात घरात बसण्याबद्दल माझं मत जरा तिखट आहे, ते आज राहू दे.

मी फोटो काढतो ते निव्वळ हौसेखातर. प्रवासात कॅमेरा गळ्यात असतो, आणि आमच्या मंडळींच्या मते म्हणूनच सामान उचलायला माझे हात कधी मोकळे नसतात. असंच हंपीला गेलो होतो. तिथलं विरूपाक्ष मंदिर बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पूर्वेला नऊ मजली गोपुर, उंची सुमारे पन्नास मीटर. लोक त्याच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत असतात. पण गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एक अंधारी जागा आहे. तिथे एका लहानशा झरोक्यातून उजेड येतो आणि भिंतीवर त्या अख्ख्या गोपुराची सावली पडते. तीही उलटी! कळस खाली, पाया वर. वाटाडे चमत्कार म्हणून सांगतात, त्यांना चार पैसे मिळतात, माझी काही हरकत नाही.

कारण तसं सोपं आहे. उजेड सरळ रेषेत जातो. कळसाकडून निघालेला किरण झरोक्यातून तिरका खाली उतरतो, पायाकडून निघालेला तिरका वर चढतो. झालं चित्र उलटं. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये षष्ठांश यंत्र आहे, तेही याच तत्त्वावर चालतं. अंधारी खोली, वर बारीक छिद्र, आणि माध्यान्हीला सूर्याचं चित्र खालच्या कमानीवरच्या खुणांवरून सरकतं. सवाई जयसिंगांचे ज्योतिषी असे मोजमाप घेत, अठराव्या शतकात.

तर हंपीहून परत येताना गाडीतच ठरवलं, की हे घरी करायचं.

आमची माडीवरची खोली पूर्वेकडे उघडते. समोर बारा-एक मीटरवर शेजारच्या काकूंची गच्ची, आमच्या खिडकीपेक्षा थोडी खाली. मे महिना होता, भाची सुट्टीला आली होती. दोघांनी मिळून खिडकीला काळा कागद लावला, त्यावर पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल, सगळीकडून चिकटपट्टी. मधोमध करंगळीएवढं भोक, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. भोकाचं गणित कानात ठेवा. भोक लहान केलं तर चित्र रेखीव, पण अंधुक. भोक मोठं केलं तर चित्र उजळ, पण अस्पष्ट. लहान तर रेखीव, मोठं तर उजळ. आणि वेळ दुपारची, कारण खिडकी पूर्वेची. ऊन समोरच्या घरावर हवं, आपल्या खिडकीवर नको. खिडकी पश्चिमेची असेल तर सकाळी करा. त्या भोकातून सूर्याकडे मात्र बघायचं नाही, मुलांनाही बघू द्यायचं नाही.

दार लावून बसलो. पहिली काही मिनिटं काहीच दिसलं नाही. भाची म्हणाली, "मामा, उकडतंय." मग डोळे सरावले आणि पांढऱ्या भिंतीवर रंग आले. खाली निळं आकाश, वर काकूंची गच्ची, आणि गच्चीवर जुन्या साडीवर घातलेल्या कुरडया, छताला चिकटल्यासारख्या. विकतच्या कुरडया मला कुरडया वाटतच नाहीत. तीन दिवस गहू भिजवून काढलेल्या चिकाची चव पाकिटात येत नाही. असो, काकूंच्या त्या अस्सल होत्या.

इतक्यात कठड्यावर काहीतरी हललं. वानर! उलटं बसलेलं, शेपूट ताठ वर. म्हणजे खरं तर ती खाली लोंबत होती. भाची किंचाळली, "मामा, कुरडया!" आणि तिनं खिडकीवरचा कागद टराटरा फाडला. लख्ख उजेड आला, भिंत कोरी झाली. आम्ही खिडकीतून ओरडलो, "काकू, वानर!" काकू काठी घेऊन धावत वर आल्या, वानर दोन कुरडया घेऊन पसार.

काकूंनी काठी टेकवली आणि आमच्या खिडकीकडे बघून विचारलं, "काय रे, सकाळपासून खिडकी काळी करून बसलायस. मग तुला दिसलं कसं?"

प्रश्न रास्त होता. म्हटलं, "इकडे या, दाखवतो." काकू जिना चढून आल्या. आम्ही पुन्हा कागद चिकटवला, दार लावलं. डोळे सरावायला लागतात तेवढ्या वेळात त्यांनी आमच्या घराच्या धुळीबद्दल दोन शब्द ऐकवले. मग त्यांना स्वतःची गच्ची दिसली. "अगं बाई, माझी साडी!" बराच वेळ त्या एकेक वस्तू ओळखत होत्या. तुळशीचं वृंदावन, टाकी, दोरीवरचे टॉवेल.

आणि तेवढ्यात गच्चीच्या दारातून काका आले.

भिंतीवर काका दीड फुटांच्या आतले, डोकं खाली, पाय वर. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वाकले. साडीवरची एक ओली कुरडई उचलली आणि तोंडात टाकली. मग दुसरी. मग, श्रोतेहो, निवांत तिसरी. अंधारात काकूंचा आवाज आला. "चार वर्षं मी वानरांना शिव्या घालतेय."

मी तिपाईवरच्या कॅमेऱ्याचं बटण आधीच दाबलं होतं. वीस सेकंदांचा फोटो. काकू म्हणाल्या, "मला तो फोटो हवा. पुरावा म्हणून." फोटो बघतो तो काय, गच्ची स्वच्छ, कुरडया स्वच्छ, काकांचा पत्ता नाही! उघडीप, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेत राहतो तो वेळ, वीस सेकंदांची असली की हलणारा माणूस फोटोत उरत नाही. फार जुनी गोष्ट आहे ही. फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक, फ्रान्सचे दागेर, यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. उघडीप काही मिनिटांची, त्यामुळे घोडागाड्या आणि माणसं सगळी गायब. उमटला तो बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एकटा माणूस. आमचे काका बूट पॉलिश करायला थांबले नव्हते, म्हणून सुटले.

काकूंनी फोटो सुलटा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "टाकी भलत्याच बाजूला कशी?" नजर बघा! भिंतीवरच्या चित्राचा फोटो नुसता फिरवून भागत नाही, तो आरशातल्यासारखाच राहतो. मोबाइलमध्ये डावं-उजवं पालटावं लागतं. किंवा भिंतीऐवजी ट्रेसिंग पेपर ताणून त्याच्या मागून बघायचं. मग फिरवलं की टाकी जागेवर येते.

भोकावर चष्म्याची जुनी काच लावली तर चित्र आणखी उजळ आणि रेखीव होतं. जवळचं वाचायची, अधिक नंबरची काच हवी. शंभराला नंबरानं भागायचं. दोन नंबरची काच असेल तर चित्र धरायचा कागद काचेपासून पन्नास सेंटिमीटरवर, एक नंबरची असेल तर शंभरावर.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी रस्त्यातच गाठलं. "तुझी खिडकी कधी काळी करणार आहेस ते आधी सांग. त्या दिवशी वाळवण घालते. आणि ह्यांना कळू देऊ नकोस."

नमस्कार.