सादळलेला चहा, क्योतोच्या शेगडीवर

(पावसाचा आवाज. कौलांवरून ओघळणारं पाणी.)

जून महिना. जपानमधल्या क्योतोत त्सुयु, म्हणजे पावसाळा, लागलाय. उमेची, म्हणजे जपानी प्लमची, फळं पिकतात तेव्हाचा हा पाऊस. ‘त्सुयु’च्या चित्रलिपीतही उमे आहे आणि पाऊस आहे. महिना-दीड महिना कपडे वाळत नाहीत. आपल्याकडे या दिवसांत पापड सादळतात, इथे चहा.

तयार हिरव्या चहात ओलावा जेमतेम 3 ते 5 टक्के. इतकं कोरडं पान हवेतलं पाणी ओढणारच, आणि शेजारच्या डब्यातला वासही. मग हिरवेपणा विटतो, वास कोंदट होतो.

(शेगडीची मंद आच. मातीचं भांडं.)

हे होरोकु, सादळलेला चहा भाजून घ्यायचं भांडं. वर लहानसं तोंड, बाजूला पोकळ दांडा. आधी रिकामंच तापवायचं. मग दोन चमचे चहा, आणि हात हलता ठेवायचा. थांबला की पान करपलं. आधी ओल्या गवतासारखी वाफ येते. मग पान तपकिरी होत जातं आणि अचानक घरभर फुटाण्यांसारखा खमंग वास. पानातली अमिनो आम्लं आणि साखर यांतून तयार झालेली पायराझिनं, म्हणजे खमंग वासाची संयुगं, ती हीच.

आता भांडं तिरकं करायचं. चहा बाहेर येतो तो थेट दांड्यातून!

हिरवा चहा मात्र परत मिळत नाही. हा झाला होजिचा. 1920 च्या दशकात क्योतोतच जाड पानं आणि देठ भाजून तो विकायला लागले. कडवटपणा कमी, म्हणून मुलांनाही देतात. ग्योकुरोसारखा महागडा हिरवा चहा असा भाजायला माझा तरी जीव होणार नाही. आणि बुरशी दिसली, तर भाजत बसू नका, टाकून द्या.

भाजलेला चहा ताटात पसरून पूर्ण गार करायचा. गरम रवा डब्यात भरला की झाकणाला आतून पाणी धरतं ना, तेच इथेही होतं. फ्रिजमधलं चहाचं पाकीटसुद्धा बाहेरच्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर पानांवर दव धरतं.

(डबा, अगदी जवळून.)

कायकादो नावाचे डबेवाले 1875 पासून क्योतोत चहाचे असे डबे हाताने घडवतात. पत्र्याला कथिलाचा मुलामा. झाकण नुसतं वर टेकवायचं, दाबायचं नाही. आतली हवा फटीतून निघत जाते, तसतसं ते आपल्याच वजनाने खाली सरकतं.

बघा. अजून सरकतंय.

(पाऊस चालूच.)