न टाकलेलं मत कोणाचं?

मंडळी, मान्यता कोणत्या युनियनला, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १९८२च्या संपात गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले, पण कायद्याच्या कागदावर त्यांचा प्रतिनिधी राहिला राष्ट्रीय मिल मजदूर संघच. सभासदांच्या पावत्या मोजण्यापेक्षा सरळ गुप्त मतदान घ्या, असं आपल्याकडच्या कितीतरी युनियन वर्षानुवर्षं म्हणत आल्या. आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती अमेरिकेतली. तिथे मतदान होतं, आणि तरीही भांडण मिटत नाही.

कंपनी डेल्टा एअर लाइन्स, मुख्यालय अटलांटा. पायलटांची युनियन आहे, पण केबिन क्रूची नाही. २००८ साली डेल्टाने नॉर्थवेस्ट ही मिनेसोटातली कंपनी विलीन करून घेतली. नॉर्थवेस्टच्या केबिन क्रूची युनियन होती, करार होता. आता दोन्हीकडचा स्टाफ एक झाला. मग युनियन सगळ्यांची, की कोणाचीच नाही?

तिथे विमान कंपन्यांना रेल्वेचा कायदा लागू होतो. हसू नका, खरंच. १९२६चा रेल्वे कामगार कायदा १९३६ साली विमानांनाही लावला. देशाची वाहतूक संपाने अडू नये, हा हेतू. त्यामुळे सगळंच धिम्या गतीने चालतं. शिवाय एखाद्या शहरापुरती युनियन करता येत नाही. देशभरातला त्या कंपनीचा सगळा केबिन क्रू मिळून एकच गट, आणि मतदान त्या अख्ख्या गटाचं. आज या शहरात, उद्या त्या शहरात रात्र काढणाऱ्या लोकांना एकत्र कसं गाठायचं, याचा जरा विचार करा.

खरी मेख होती मोजणीत. जुन्या नियमाप्रमाणे एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी मत टाकलं, तरच युनियन. मतपत्रिकेवर ‘युनियन नको’ असा पर्यायच नव्हता. जो घरी बसला, तो विरोधात. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीत गैरहजर सभासद असा मोजला, तर एकही चेअरमन निवडून येणार नाही! विलीनीकरणाआधी, २००८च्या मतदानात डेल्टाच्या केबिन क्रूपैकी सुमारे ४० टक्क्यांनीच मत टाकलं आणि युनियन पडली. मतदान फोनवर किंवा इंटरनेटवर होतं, आणि कंपनीच्या प्रचाराचं सार एवढंच होतं: मतदानाचे कागद फाडून टाका. मॅनेजमेंटला कोणाचं मन वळवायची गरजच नव्हती. लोकांचा कंटाळा पुरेसा होता.

२०१०मध्ये नियम बदलला. हे मतदान घेणाऱ्या सरकारी नॅशनल मीडिएशन बोर्डावर तीन सदस्य असतात. त्यांनी दोन विरुद्ध एक असा निर्णय केला की पडलेल्या मतांतलं बहुमत धरायचं, आणि ‘नको’ हाही पर्याय ठेवायचा. विमान कंपन्यांची संघटना कोर्टात गेली, तिथे हरली. युनियनवाल्यांना वाटलं, आता जिंकलो.

नव्या नियमाने दोन्हीकडच्या केबिन क्रूचं मिळून मतदान झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात निकाल लागला. बाजूने ९,२१६, विरोधात ९,५४४. फरक ३२८ मतांचा. मतदान किती झालं होतं? सुमारे ९४ टक्के! जुन्या नियमात घरी बसणारे या वेळी ‘नको’ म्हणायला बाहेर पडले होते. नॉर्थवेस्टवाल्यांची असलेली युनियनही त्याच दिवशी गेली. मला विचाराल तर, निकालातली सगळ्यात कडू गोष्ट हीच. कंपनीने दबाव आणला, कंपनीच्याच कॉम्प्युटरवरून मत द्यायला लावलं, असे आरोप युनियनने केले. कंपनीने ते फेटाळले. फेरमतदान काही झालं नाही.

नियमाचा वाद मात्र थेट संसदेत पोचला. तिथल्या रिपब्लिकनांना नवा नियम रद्द हवा होता. त्या रस्सीखेचीत, आणि छोट्या गावांच्या विमानसेवेला मिळणाऱ्या अनुदानावरून, २०११च्या उन्हाळ्यात हवाई वाहतूक प्रशासनाच्या निधीचं विधेयक अडकलं, आणि त्याचे सुमारे ४,००० कर्मचारी दोन आठवडे बिनपगारी घरी बसले. २०१२मध्ये तडजोड झाली: नियम राहिला, पण नुसतं मतदान मागायला आधी गटातल्या ३५ टक्के लोकांच्या सह्या चालायच्या, त्या आता ५० टक्के लागतात. दार उघडं ठेवलं आणि उंबरठा वाढवला.

२०१९पासून डेल्टात पुन्हा सह्यांची मोहीम सुरू झाली. दरम्यान एक मजेशीर गोष्ट घडली. अमेरिकेत केबिन क्रूच्या पगाराचं घड्याळ विमानाचं दार बंद झाल्यावर सुरू व्हायचं. प्रवाशांना बसवणं, वरच्या कप्प्यात बॅगा कोंबणं, सीटवरून भांडणारे दोघे वेगळे करणं, हे त्याआधीचं. जून २०२२पासून या वेळेचे पैसे द्यायला मोठ्या अमेरिकी कंपन्यांत सगळ्यात आधी सुरुवात केली ती युनियन नसलेल्या डेल्टाने. दर तासाच्या पगाराच्या निम्मा. कंपनी म्हणाली, बोर्डिंगची वेळ ३५वरून ४० मिनिटं केली, म्हणून. युनियन म्हणाली, आमच्या सह्यांचा धसका घेतला, म्हणून. मला दुसरं कारण जास्त पटतं. पाच मिनिटं वाढली म्हणून चाळीस मिनिटांचे पैसे कोण देतं?