गोलपोस्टसमोरची हरळी

कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. फुटबॉलचा हंगाम संपलाय. पेठांतली पोरं घोषणा देत कधीच घराकडं गेली. मैदानावर उरलेत फक्त माळीमामा, आणि ते थेट गोलपोस्टकडं निघालेत. 7.32 मीटर रुंदीच्या या चौकटीसमोर गवत नाही. आहे ती घोटून काढल्यासारखी उघडी, चकचकीत जमीन.

गोलकीपर नव्वद मिनिटं इथंच येरझाऱ्या घालतो. कॉर्नर मिळाला की दोन्ही संघ इथंच उड्या मारतात. बुटांनी गवत उखडतं ते दिसतं, पण खरं दुखणं खाली आहे. तुडवून तुडवून माती दबते, तिच्यातली हवेची जागा बुजते, पाणी वरच साचतं आणि मूळ गुदमरतं. अशा जागी नुसतं बी टाकणं म्हणजे फरशीवर पेरणी.

म्हणून आधी दाताळं. आदल्या संध्याकाळी पाणी मारलेल्या जमिनीत दाते चार इंच घालायचे, मूठ हलकेच मागं ओढायची, माती जराशी उचलली की सोडून द्यायची. उलथायची नाही. वीतभर सरकून पुन्हा तेच. भोकांत चाळलेली वाळू आणि कुजलेलं शेणखत झाडूनं लोटायचं.

मग हरळी. उसाच्या फडात हिच्यापायी शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात, इथं तिचीच मनधरणी. माळीमामांच्या तळहातावरचा हा तुकडा बघा. तीन पेरं, आणि खालच्या पेराला केसाएवढी पांढरी मुळं. ती पेरं मातीत, शेंडा बाहेर. चार बोटांवर पुढचा तुकडा. वरून हलका रोलर. पहिले दहा दिवस माती सुकू द्यायची नाही. उबदार दिवसांत सहा ते आठ आठवड्यांत हरळीचे फुटवे एकमेकांत गुंततात. थंडीत ती रेंगाळते, तेव्हा घाई कामाची नाही.

आपल्या संघांची नावं ऐका. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. तालमीत कुस्तीच्या हौद्याची लाल माती उकरून मऊ ठेवतात, तिच्यात ताक, तेल, हळद मुरवतात. पैलवान ती माती कपाळाला लावूनच उतरतो. तेवढीच माया या हिरव्या तुकड्याला हवी. लावणीनंतर भोवती बांधलेली दोरी दुसऱ्याच दिवशी कुणी ओलांडली, की कोवळी मुळं तिथंच तुटतात.

आता बॉल दोरीच्या आत गेलाय. दहा-बारा वर्षांचं पोरगं काठावर थबकलं. पालथं पडून हात लांबवला, पुरेना. मग उठलं, मामांचा झाडू आणला, आणि बॉल हळूच ओढून घेतला.